मोबदल्याचा विटाळ

१९५२ साली हेलसिंकीला जायला खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते. गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. परतल्यावर त्यांनी कुस्तीची मैदाने भरवली, स्वतः लढले आणि मिळालेल्या पैशांतून सरांचे घर सोडवले, असे कऱ्हाड-कोल्हापूरकडे अभिमानाने सांगतात. ही गोष्ट ऐकून कुणाच्याही मनात किंतु येत नाही, कारण ऋण फेडणे हा धर्मच आहे. पण त्या काळचा ऑलिम्पिकचा नियम शब्दशः लावला असता तर याच कुस्त्यांपायी खाशाबा अपात्र ठरू शकले असते. खेळातून पैसा घेणारा ‘हौशी’ उरत नसे आणि हौशी नसलेल्याला ऑलिम्पिकचे दार बंद असे. ही पोकळ धमकी नव्हती. १९१२ मध्ये पेंटाथलॉन आणि डेकाथलॉन जिंकणाऱ्या अमेरिकेच्या जिम थॉर्पची दोन्ही सुवर्णपदके पुढच्याच वर्षी काढून घेतली गेली, कारण तो आधी बेसबॉल खेळून किरकोळ पैसे मिळवत होता. त्याच्या मरणानंतर कितीतरी वर्षांनी, १९८२ मध्ये, ती पदके परत देण्याचे ठरले आणि एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव लागायला २०२२ उजाडले. ज्या कृत्याला आपण धर्म म्हणतो त्यालाच तो नियम दोष म्हणत होता. तेव्हा मोबदला घेतल्याने कर्म बाटते का, हा प्रश्न क्रीडासंघटनांच्या घटनेपुरता राहत नाही. तो धर्मविचाराचा आहे, आणि त्याचे उत्तर शोधायला सोलापूरइतकी योग्य भूमी दुसरी नाही, असे मला वाटते.

माझे म्हणणे असे की पैसा घेतल्याने कर्म बाटत नाही. त्याग हे मोठे मूल्य आहे, यात शंका नाही. पण तो ज्याचा त्याने करायचा असतो. नियम करून दुसऱ्याकडून तो वसूल केला की त्याचे पुण्य जाते आणि निव्वळ नुकसान उरते, तेही बहुतेकदा गरिबाच्या वाट्याला. हे लखलखीत दिसते ते दक्षिण वेल्समधल्या ॲबरडेअरच्या डाय जोन्सच्या आयुष्यात. हा कोळशाच्या खाणीतला कामगार; अंगाने असा दांडगा की लोक त्याला वळू म्हणत. १९०२ ते १९०६ या काळात तो वेल्सकडून रग्बी युनियनचे १३ आंतरराष्ट्रीय सामने खेळला. १६ डिसेंबर १९०५ रोजी कार्डिफला वेल्सने न्यूझीलंडला ३-० असे हरवले. ब्रिटनच्या त्या दौऱ्यात न्यूझीलंड फक्त तेवढा एकच सामना हरले, आणि वेल्सच्या संघात जोन्स होता. १९०७ साली, खेळण्याबद्दल पैसे घेतले या कारणावरून वेल्सच्या संघटनेने त्याला कायमचे बाद केले. तो मर्थर टिडफिलच्या व्यावसायिक संघात गेला. १ जानेवारी १९०८ रोजी ॲबरडेअरमध्येच, आज ज्याला रग्बी लीग म्हणतात त्या दुसऱ्या पद्धतीच्या नियमांनी वेल्स आणि न्यूझीलंड पुन्हा भिडले. वेल्सने ९-८ ने बाजी मारली आणि निर्णायक ट्राय जोन्सने केली. दोन वर्षांत माणूस बदलला नव्हता, त्याचे खांदे आणि त्याची रग बदलली नव्हती, समोरचा देशही तोच होता. बदलले ते एवढेच की आता तो घामाचे पैसे उघडपणे घेत होता. तेवढ्यावरून एका खेळाने त्याला वाळीत टाकले.

रग्बीत या दोन पद्धतींची फूट पडली ती खाड्यावरून. ज्या शहराचा दिवस गिरण्यांच्या भोंग्यावर उगवत आणि मावळत होता, त्या सोलापूरला खाडा म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. यॉर्कशर-लँकेशरच्या गिरण्यांत आणि खाणींत शनिवारीही काम असे. सामना खेळायला गेलेल्या कामगाराचा रोज बुडे. बुडालेला रोज तेवढा भरून द्यावा, असा ठराव यॉर्कशरच्या लोकांनी १८९३ मध्ये इंग्लंडच्या रग्बी संघटनेपुढे मांडला. तो २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळला गेला. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली आणि दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत खाडाभरपाई मान्य केली. पुढे १८९८ मध्ये उघड मानधनाला परवानगी मिळाली तेव्हाही काही वर्षे अशी अट होती की खेळाडूने दुसरा कामधंदा करत असले पाहिजे. म्हणजे ज्यांना पैशाचे लोभी म्हणून हिणवले गेले ते श्रमाला इतके चिकटून होते. आणि दुसऱ्या बाजूला काय चालले होते? १८९७ मध्ये वेल्सचा कर्णधार आर्थर गोल्ड याला चाहत्यांनी वर्गणी काढून चक्क घर भेट दिले. वाद पेटला, वेल्सशी इतर देशांचे संबंध ताणले गेले. पण वेल्स हातचे जाऊ नये म्हणून इंग्लंडच्या संघटनेने अपवाद करून वाट काढली. घर चालले, खाडा चालला नाही.

पैशाकडे पाहण्याची ही रीत आपल्याला फार ओळखीची आहे, कारण ती विटाळाची रीत आहे. जो पैसे घेई तो बाद होईच, पण त्याच्याबरोबर किंवा त्याच्याविरुद्ध खेळणाराही बाद होई. दोष संगतीने लागत होता. एका पैचीही कमाई न झालेला खेळाडू केवळ त्या दुसऱ्या मैदानात उतरला म्हणून अशुद्ध ठरत होता. विटाळाचे एक लक्षण असे की तो वरून खाली कधीच वाहत नाही. आपल्याकडच्या क्रिकेटमध्ये हे आणखी नागडेपणाने दिसते. पालवणकर बाळू, चांभार समाजातला मुलगा, पुण्याच्या युरोपियनांच्या क्लबमध्ये महिना चार रुपयांवर खेळपट्टी दाबी, जाळी उभारी आणि साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी करी. साहेबांची फलंदाजी त्याच्या चेंडूंवर तयार झाली. त्याच्या हाती मात्र तिथे बॅट आली नाही. फलंदाजी करणारा हौशी आणि गोलंदाजी करणारा पगारी ही वाटणी गुणांवरून झालेली नव्हती. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात याच बाळूने शंभराहून अधिक बळी घेतले. पुढेही हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला नाकारले गेले, आणि ते नाकारणारे साहेब नव्हते, आपलेच लोक होते. म्हणून हौशीपणाची सगळी जबाबदारी इंग्रजांवर ढकलून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

कुस्तीत मात्र आपल्या लोकांनी निराळी वाट धरली, आणि तिचे मोल आपल्यालाच पुरते कळलेले नाही. कुस्तीचेही दोन घाट आहेत, माती आणि गादी. मातीत चितपट झाल्याशिवाय निकाल नाही. गादीवर गुणांचा हिशेब, मिनिटांचे बंधन. खाशाबा मातीत वाढले, १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये गादीवर सहावे आले आणि चार वर्षांत गादीची भाषा आत्मसात करून पदकापर्यंत पोचले. १९६१ पासून चालत आलेल्या महाराष्ट्र केसरीत माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता यांची शेवटची झुंज होते. २०१८ ला जालन्यात करमाळा तालुक्यातल्या खडकीचा बाला रफिक शेख असाच मातीतून वर आला आणि गादीच्या अभिजित कटकेला हरवून त्याने गदा उचलली. एका पद्धतीत लढलो म्हणून दुसरी बंद, असे इथे कुणी म्हटले नाही. जत्रेत इनाम घेतले म्हणून पैलवान तालमीतून हाकलला गेला नाही. वस्तादांना ठाऊक होते की खुराक आभाळातून पडत नाही.

आता पहिला आणि सगळ्यांत भारदस्त आक्षेप: गीता फलाची आशा सोडायला सांगते, मग मोबदल्यावर नजर ठेवून केलेले कर्म हलके नाही का? आक्षेप घेणारे इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतात. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्याचा सारा भर यावर आहे की गीता कर्म सोडायला सांगत नाही, आसक्ती सोडायला सांगते. पैलवानाच्या बाबतीत फल म्हणजे जय, कीर्ती, लोकांच्या खांद्यावरून मिरवणे. त्याचे दूध, बदाम, तूप हे फल नव्हे. ते कर्म घडण्याची अट आहे. अन्नावाचून शरीर उभे राहत नाही आणि शरीरावाचून कर्म होत नाही, हे गीताही मान्य करते. शिवाय हौशी खेळाडू खरोखरच निरिच्छ होता काय? त्याला मान मिळे, उठबस मिळे, चांगल्या घरची सोयरीक आणि कचेरीतली जागाही मिळे. कीर्तीवर जीव टाकणारा बिनपैशाचा खेळाडू सकाम असू शकतो, आणि इनाम घेऊनही डाव चालू असताना डावापलीकडे काही न दिसणारा मल्ल निष्काम असू शकतो. मनातली आसक्ती पावतीपुस्तकावरून मोजता येत नाही.

याहून नेमके उत्तर आपल्या जिल्ह्यातच सापडते. बिज्जलाच्या राज्यात, मंगळवेढ्याला, बसवण्णा खजिन्यात कारकुनी करत होते असे परंपरा सांगते; पुढे कल्याणला त्यांच्याभोवती शरणांचा मेळा जमला आणि कायक व दासोह हे दोन विचार आकाराला आले. कायक म्हणजे अंगमेहनतीचा प्रामाणिक धंदा, तोच कैलास; दासोह म्हणजे त्यातून उरेल ते समाजाच्या ओंजळीत घालणे. या विचारात मोबदला लपवायची गरज नाही, कारण मोबदल्याशिवाय कायकच उभे राहत नाही आणि दासोहाला काही उरत नाही. लक्ष ठेवायचे ते किती घेतले यावर. सांडलेले तांदूळ वेचून गुजराण करणाऱ्या मारय्याची कथा याच अंगाची आहे. एके दिवशी त्याने रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ घरी आणले. बायकोने, लक्कम्माने, ते पदरात घेतले नाहीत. गरजेपुरते ठेव आणि उरलेले जिथून आणलेस तिथे टाकून ये, असे तिने सुनावले. त्या घरात मारय्याने फुकट राबावे असे कुणी म्हणाले नाही. आणि मर्यादा घालणारी बाई त्याच उपाशी घरातली होती, ती मर्यादा तिच्याही पोटावर पडत होती. इंग्लंडच्या संघटनेत २८२ मते देणाऱ्यांपैकी किती जणांचा रोज बुडत होता, हा प्रश्न लक्कम्माशेजारी ठेवून पाहावा.

सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांची कथा यात आणखी एक पदर घालते. सिद्धराम लोकांना जमवून तळे खोदत होते, देवळे उभारत होते. ‘शून्यसंपादने’ या ग्रंथात येते की अल्लमप्रभू तिथे आले आणि त्यांनी सिद्धरामांचा उल्लेख साधा मातीकाम करणारा म्हणून केला. चिडलेल्या कामकऱ्यांनी अल्लमांवर दगड टाकले. पुढच्या संवादात अल्लमांचा रोख श्रमांवर नाही की मजुरीवर नाही. ‘हे मी केले’ या जाणिवेवर आहे. ज्या योग्याने स्वतःसाठी काहीच घेतले नव्हते त्यालाच हा प्रश्न विचारला गेला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. म्हणजे हात रिकामे ठेवूनही माणूस बांधला जाऊ शकतो, आणि त्या बंधनाचे नाव पैसा नाही.

बिनमोबदल्याच्या कामाला आपोआप पवित्र मानणाऱ्याने मंगळवेढ्याच्या दुसऱ्या एका आठवणीपुढेही उभे राहावे. चोखोबा तिथे गावकुसाच्या कामावर होते, वेठीने. भिंत कोसळली आणि त्याखाली ते गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या, महाद्वारासमोर समाधी झाली. त्या भिंतीच्या कामाला दाम नव्हता, म्हणून ते काम शुद्ध झाले का? शुद्ध होते ते चोखोबांचे मन. त्यांना फुकट राबवणाऱ्या व्यवस्थेकडे त्यातला एक कणही जात नाही. श्रमणाऱ्याची भक्ती आणि श्रम करून घेणाऱ्याची सोय या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या की शोषणाला धर्माचा सूर लागतो. खेळाच्या प्रेमापोटी खेळा, असे दमलेल्या खाणकामगाराला सांगणाऱ्याच्या बोलण्यात मला तोच सूर ऐकू येतो.

वारकरी वाचक इथे थांबवील, आणि त्याने थांबवावेच. तुकोबांनी कीर्तनाचा पैसा निषिद्ध ठरवला, ज्या ठिकाणी कीर्तन करायचे तिथे अन्नसुद्धा घेऊ नये अशी त्यांची ताकीद आहे. मग काही कर्मे तरी मोबदल्याने बाटतात, हे मान्य करायला नको का? करायलाच हवे. रिचर्ड टिटमस या ब्रिटिश अभ्यासकाने १९७० मध्ये रक्तदानाबाबत हेच मांडले: ब्रिटनमधले दान आणि अमेरिकेतली खरेदी यांची तुलना करून त्याने दाखवले की पैसे मोजल्याने देण्याचा भावच पालटतो. पण तुकोबांची गोष्ट पुरती पाहू. वडिलोपार्जित सावकारीची खते इंद्रायणीत बुडवताना त्यांनी धाकट्या भावाचा वाटा आधी वेगळा काढून दिला आणि फक्त स्वतःचा बुडवला, असे चरित्रकार सांगतात. इतका विरक्त माणूसही भावाच्या वतीने विरक्त झाला नाही. कीर्तनाबद्दलची ताकीदही कीर्तन करणाऱ्याला आहे, आणि ती देणारा स्वतः पहिल्यांदा पाळत होता. कीर्तनकाराला बिदागी न देता दहा गावे फिरवण्याची सवलत तुकोबांनी यजमानाला दिलेली नाही. शिवाय कीर्तनाचा विषय देव आहे, जो कुणाच्या मालकीचा नाही. पैलवान मैदानात आणतो ते त्याचे एकुलते एक शरीर. गुडघा गेला की जन्माचा गेला. खाशाबांची पुढच्या ऑलिम्पिकची संधी गुडघ्याच्या दुखापतीनेच हुकली. जिथे माणसाची उमेदीची वर्षे आणि हाडे खर्ची पडतात, तिथे दानाचा न्याय लावणे मला अमानुष वाटते.

उरतो शेवटचा आक्षेप, आणि तो पोथीतला नाही, मैदानातला आहे. पैसा आला की नुरा कुस्ती, म्हणजे आधीच ठरवलेली कुस्ती, येते. सोलापूर जिल्ह्यात जत्रेचे मैदान पाहिलेल्यांना हे सांगायला नको. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद मुरवलेली असते, हलगी कडकडत असते, पंच दोघा मल्लांचे हात धरून मैदानाला फेरी घालतो आणि कुस्ती कितीवर लागली ते पुकारले जाते. सुरुवातीला पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर, मग शेकड्यांवर, आणि दिवे लागायच्या सुमाराला मोठ्या इनामाची. जिंकलेला मल्ल फेटा पसरून कडेने फिरतो, म्हातारेसुद्धा कमरेची चंची सोडून नोट टाकतात. आणि त्याच गर्दीला कधी कधी कळते की आताची कुस्ती आधीच ठरलेली होती. मग जी शिवी उठते तिच्यात फसवल्या गेल्याचे दुःख असते. ते दुःख खरे आहे. पण ते नेमके कशाचे आहे ते पाहावे. रेवडीवर लढणाऱ्या पोराने ठरवून हार पत्करली तरी तीच शिवी उठेल. आणि लाखाची कुस्ती जिवाच्या आकांताने झाली तर लाख घेतले म्हणून कुणी तक्रार करत नाही. प्रेक्षकाला पैसा खुपत नाही, खोटेपणा खुपतो, आणि त्याचा हा निवाडा संघटनांच्या घटनांपेक्षा अधिक धर्माला धरून आहे. नुऱ्याला लोभ कारण होतो हे खरेच; पण उपाशी मल्लाला विकत घेणे पोट भरलेल्याला विकत घेण्यापेक्षा सोपे असते, हेही तितकेच खरे. मोबदला बंद करून नुरा थांबत नाही, तो फक्त अंधारात जातो, जसे रग्बी युनियनमध्ये बुटात घालून पैसे दिले जात राहिले आणि शेवटी ऑगस्ट १९९५ मध्ये त्या संघटनेला शंभर वर्षांची बंदी उठवावी लागली. डाय जोन्स १९३३ मध्येच गेला होता.

सोलापुरात थोरला मंगळवेढा तालीम, पाणीवेस तालीम, पत्रा तालीम ही नावे आज उत्सवांच्या मिरवणुकांतून जास्त ऐकू येतात, पण ती मुळात शरीर कमावण्याच्या जागांची नावे आहेत. जिथे अजून पोरे जोर-बैठका मारतात, तिथे त्यांना खेळासाठी खेळ एवढेच सांगून भागत नाही. कायकाचा हिशेब लावायचा तर मैदान भरवणाऱ्या यात्रा कमिटीने इनामाच्या आकड्याबरोबर आणखी दोन आकडे पुकारावेत: हरलेल्या मल्लाला काय मिळणार, आणि हात मोडला तर दवाखान्याचा खर्च कोण देणार. कमिटीकडे वर्गणी येते, दुकानांची भाडी येतात, पुढाऱ्यांच्या देणग्या येतात. दासोह सुरू करायचा तर तिथून करता येईल.